एंटरवरचा स्टेपलर

माणसाने चाक शोधलं, वाफ कोंडली, आणि यंदा आमच्या पाणीपुरवठा कंपनीत पत्रं आपोआप छापायची सोय झाली. ही तिसरी क्रांती दर पत्रामागे एकदा थांबत असे, एवढंच.

वर्षातून एकदा मोठी टाकी धुतात. त्या दिवशी पाणी बंद, असं प्रत्येक ग्राहकाला नावानिशी कळवायचं. हे काम टपाल विभागातल्या काकूंचं. त्या ऑफिसात कोणाच्याच काकू नव्हत्या, पण साहेबसुद्धा त्यांना काकूच म्हणत. ग्राहकाचं पान उघडायचं, पत्र छापायचं, पान मिटायचं. असं चार हजार एकशे सोळा वेळा. तीन आठवडे त्यात जात, आणि यंदा काकूंकडे तीन आठवडे नव्हते. लेकीचे दिवस भरत आले होते, आणि शेवटचं पत्र निघेपर्यंत रजा नाही, हे साहेबांनी तोंडभर हसून सांगितलं होतं.

सॉफ्टवेअरवाल्याने दोन महिने खपून सगळी पत्रं एका दमात काढणारा प्रोग्राम लिहिला. तो पाहून साहेब गंभीर झाले. पूर्वी एका मयत ग्राहकाला सहकार्याबद्दल आभाराचं पत्र गेलं होतं. तेव्हापासून पत्रागणिक माणसाची नजर हवी, हा त्यांचा दंडक. मग प्रोग्राम प्रत्येक पत्राआधी विचारू लागला, 'छापू का?' काकूंनी एंटर दाबायचं.

"आधी मी छापत होते, आता परवानगी देते," काकू म्हणाल्या. "बढतीच झाली म्हणायची."

शुक्रवारी दुपारी अडीचपर्यंत नऊशे परवानग्या देऊन झाल्या. तेवढ्यात जावयाचा फोन आला. लेकीला दवाखान्यात नेलं होतं. शेवटची बस साडेपाचची. काकूंनी टेबलावरचा स्टेपलर उचलला आणि एंटरवर आडवा ठेवला.

सॉफ्टवेअरवाला पांढराफटक पडला. अशाने एकेकाला चार-चार पत्रं जातील, म्हणाला. प्रिंटर सुटला तो सुटलाच. शिपाई कागद भरून घामाघूम झाला. काकू मांडीवर पर्स घेऊन घड्याळाकडे बघत बसल्या.

पाचला दहा कमी असताना प्रिंटर गप्प झाला. सॉफ्टवेअरवाल्याने आकडा दोनदा वाचला. चार हजार एकशे सोळा. एक कमी नाही, एक जास्त नाही. तो खुर्चीत बसला, ती शिपायाची होती.

गठ्ठे बघायला साहेब बाहेर आले. त्यांची नजर स्टेपलरवर गेली.

"काकू, हे काय?"

"माझा हात आहे तो, साहेब. मी निघाले तरी राहील."

साहेबांनी गठ्ठ्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि रजेचा अर्ज मागितला. तो सकाळपासून पर्समध्ये तयारच होता.

बस मिळाली. खिडकीसुद्धा मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नात झाली, दोघी सुखरूप. काकूंनी तिथे, दवाखान्याच्या बाकावर, पर्स पहिल्यांदा मांडीवरून खाली ठेवली.

इकडे पत्रं वेळेत पोचली. पत्रातल्या आठ तारखेसाठी लोकांनी आदल्या दिवशी बादल्या, पातेली, फुलदाण्यासुद्धा भरून ठेवल्या. आठ तारखेला पाणी नेहमीप्रमाणे आलं. टाकी धुणाऱ्याला कोणी कळवलं नव्हतं.