घंटीच्या तोंडातला बोळा

मी एक जुनी पितळी घंटी आहे. मित्रांनो, माझा आवाज गोड आहे म्हणतात, पण आज मी गोड बोलणार नाही. मला राग आला आहे.

नाशिकच्या एका तांबटाने मला घडवलं. पिंपळगाव बसवंतच्या गोटीरामांनी मला पोळ्याला बैलासाठी घेतलं. पुढे ट्रॅक्टर आला आणि बैल गेला. मग त्यांच्या बायकोने, मालनबाईंनी, मला शेरू कुत्र्याच्या गळ्यात बांधलं.

१९९८ साली बांधावर गाजरगवत माजलं आणि शेरू खाजवू लागला. कान, काखा, पंजे, काही सोडलं नाही. गोटीरामांनी खरूज ठरवून टाकली. द्राक्षावर मारायचं गंधक घरात होतंच, तेच त्याच्या अंगाला चोळलं. कातडी सोलवटली. वेलीचं औषध कुत्र्याला! कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

मालनबाई त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तिथे शेरू भीतीने दगडासारखा बसला. हा तर खाजवतच नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"इथं भ्यालाय तो," मालनबाई म्हणाल्या. "घरी याची घंटी ऐका. तोंडातली भाकर टाकतो अन् खाजवतो."

डॉक्टरांनी पुन्हा नीट तपासलं. ही खरूज नाही, ॲलर्जी आहे, म्हणाले. खाज मोजायला यंत्र नसतं. नुसतं बसून खाजवणं थोडं, खेळ सोडून खाजवणं जास्त, आणि खाणं सोडून खाजवणं सगळ्यात वाईट. घंटी कधी वाजते ते येऊन सांगा, त्यावर गोळी ठरवू.

मी दागिना होते, आता माप झाले. मालनबाई भाकरी थापताना कान माझ्याकडे ठेवायच्या. एके दिवशी शेरूने अख्खी भाकर खाल्ली आणि मी एकदाही वाजले नाही. गप्प राहण्याचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

मग त्या नामपूरला माहेरी गेल्या. गोटीराम गोळ्या द्यायला विसरले. मी पुन्हा वाजू लागले. अंगणात द्राक्षांचे व्यापारी बसलेले, त्यांना माझी कटकट झाली. गोटीरामांनी माझ्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबला. वर डॉक्टरांना सांगून आले, घंटी बंद झाली, कुत्रं बरं झालं. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या.

मालनबाई परतल्या तेव्हा शेरूच्या कानातून रक्त येत होतं. त्यांनी बोळा उपसला. एक भाकर शेरूपुढे ठेवली, एक नवऱ्यापुढे.

"ही वाजली की तुम्ही बी घास खाली ठेवायचा."

मी वाजतच राहिले. गोटीराम उपाशी उठले आणि डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगून आले. शेरू सावरला.

काही वर्षांनी मालनबाईंच्या पोटात दुखू लागलं. त्या बोलल्या नाहीत. ताटात भाकर अर्धी राहू लागली. हे माप गोटीरामांना समोर बसवून शिकवलेलं होतं. तरी त्यांनी पाहिलं नाही. घर शांत होतं, म्हणजे सगळं बरं होतं! दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

आता शेरूही नाही. मी खिळ्याला लटकते आहे. गोटीराम येता-जाता मला हात लावतात. लावू देत.

मित्रांनो, कुणी गप्प आहे म्हणून त्याला बरं समजू नका. आधी त्याचं ताट बघा.