दर्शनी भागी

मी नोटीस बोलतेय. हो, तीच, जिच्यासमोर उभं राहून तुम्ही मोबाइल बघता!

माझा जन्म पालिकेच्या कचेरीतला. ‘वारसा म्हणून जतन केलेल्या गल्लीतील इमारत. तिसऱ्या मजल्यावरील घराची दोन घरे करणे, जुनी लाकडी खिडकी काढून सरकती अ‍ॅल्युमिनियमची बसवणे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी,’ एवढा मजकूर अंगावर घेऊन मी यंत्रातून बाहेर पडले. अंग अजून गरम होतं. वाटलं, आता लोक गर्दी करून वाचणार. कसलं काय!

त्या घरात एक मावशी राहतात, तीस वर्षांच्या भाडेकरू. हातानं रबरी शिक्के कोरतात. टेबल खिडकीला लागून, कारण बारीक अक्षराला उजेड लागतो. मालकांच्या नकाशात नवी भिंत नेमकी त्या खिडकीच्या मधोमध आली होती. म्हणजे मावशींना अर्धी खिडकी, आणि अर्ध्या खिडकीत पोट कसं भरायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.

नियम असा की मला दर्शनी भागी लावायचं. मालक नियमाचे मोठे पक्के! मावशी बाजारात गेलेल्या बघून त्यांनी शिपायाला चहा पाजला, आपल्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं आणि म्हणाले, “दर्शनी म्हणजे रस्त्यावरून दिसेल असं. लावा खिडकीला, तोंड बाहेर.” शिपायानं माझ्या तोंडालाच खळ फासली आणि आतून काचेला चिकटवलं. तिसऱ्या मजल्यावर मला वाचणार कोण? कबुतरं. त्यांनी वाचलं आणि उडून गेली.

मावशी परतल्या तर काचेवर माझी कोरी पाठ.

“हे काय हो?”

“सरकारी आहे,” मालक म्हणाले. “हात लावू नका, उगाच दंड बसायचा.”

बिचाऱ्यांनी हात लावला नाही. माझ्या सावलीत डोळे ताणून कोरत बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांना सांगायला जन्मले, त्यांचाच उजेड अडवून बसले होते.

चौदा दिवस आभाळ भरलेलं. पंधराव्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं, माझ्या आरपार गेलं आणि माझी अक्षरं पाठीवर दिसू लागली, पण सगळी उलटी. मावशींची भाची म्हणाली, “कागदाला मुंग्या लागल्यात वाटतं.”

मावशींनी मान वर केली. उलटी अक्षरं कोरण्यात जन्म गेलेला! सुलट वाचायला त्यांना चष्मा शोधावा लागतो, उलटं मात्र घडाघडा वाचतात. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून त्यांनी मालकांना जी शिवी हासडली ती मी सांगणार नाही, मी सरकारी कागद आहे.

हरकत लिहून त्या तशाच धावल्या. संध्याकाळी भाचीला सांगत होत्या, “कारकून म्हणतो, पोच द्यायचा शिक्का झिजलाय, उद्या या. म्हटलं, मुदत आज संपतेय बाबा. नवा शिक्का तुझ्याच साहेबांनी चार महिन्यांपूर्वी करायला सांगितला, न्यायला कुणी फिरकलं नाही. हा घे, येताना पिशवीत टाकून आणलाय. मार!”

त्यानं मुकाट्यानं मारला.

मावशींकडूनच कळलं, सुनावणीत मालक छाती पुढे काढून म्हणाले, “नोटीस दर्शनी भागीच होती, साहेब. गल्लीतून सगळ्यांना दिसत होती.” साहेब गल्लीत येऊन उभे राहिले, वर बघितलं, मान अवघडेपर्यंत बघितलं, एक अक्षर लागेना, आणि परवानगी नाकारून निघून गेले.

निकालाचा कागद हातात आला तेव्हा मावशी खुर्चीत बसून रडल्या. मला वाटलं, आता आपलं कौतुक होणार, निदान एखादी चौकट तरी. तर बाई कोमट पाण्याचं भांडं आणि पातं घेऊन हजर! “आधी ही ब्याद काढते,” म्हणाल्या.

काढा, मावशी, खुशाल काढा. कचेरीतल्यांनो, तुम्हाला मात्र हात जोडून सांगते, माझ्या धाकट्या बहिणींना ज्याचं घर त्याच्या दारावर लावा, तोंड त्याच्याकडे करून.

आता एकच कोपरा उरलाय. पातं जरा तिरकं धरा, मावशी. ऊन टेबलापर्यंत पोचलं बघा.