पंधरा मिनिटांची आंघोळ

मित्रांनो, मी एक जुना सेफ्टी शॉवर आहे. हिरवा उंच पाइप, डोक्यावर ताटाएवढी चाळणी आणि ओढायला एक साखळी, एवढाच माझा संसार. भांड्यांना मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात ॲसिडच्या टाक्यांपासून दहा पावलांवर मला उभं केलं. अंगावर ॲसिड उडालं की माझ्याकडे धावायचं आणि साखळी ओढायची.

पहिल्या दिवशी माझं फार कौतुक झालं. पुढे अकरा वर्षं कोणावर तशी वेळ आली नाही. चांगलंच झालं म्हणा, पण बिनकामाच्या माणसाची लोक खुंटी करतात. माझ्या साखळीला डब्यांच्या पिशव्या लटकू लागल्या, पायाशी रिकामी पिंपं साठली. सफाईवाल्या मावशी तेवढ्या दर सोमवारी कुरकुरत पिंपं सरकवायच्या, साखळी ओढून गंजाचं तांबडं पाणी वाहू द्यायच्या आणि स्वच्छ आलं की फरशीसाठी बादली भरायच्या. पाणी वाया जातं म्हणून फोरमन त्यांना बोलत, पण मावशींनी एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्या कानानं सोडून दिलं.

एका सोमवारी दुपारी ॲसिडचा कॅन उचलताना त्याचं झाकण निसटलं. ज्या कामगाराच्या छातीवर आणि मानेवर ॲसिड उडालं, त्याचं लग्न आठ दिवसांवर होतं. सगळे त्याला नवरदेवच म्हणत. डोळे मिटून तो मावशींनी सकाळीच मोकळ्या केलेल्या वाटेनं ठेचकाळत आला आणि साखळी ओढली. मी हातचं काही राखलं नाही.

पण पठ्ठ्या कपड्यांनिशीच उभा! चारचौघांत कपडे काढायची लाज. दोन मिनिटांत म्हणाला, आग थांबली, आता पुरे. फोरमन घाबरून त्याचा टी-शर्ट वर ओढू लागले.

रबरी हातमोजे घातलेल्या मावशी मध्ये आल्या. "डोक्यावरून काढू नका, तोंडाला लागेल. कात्री आणा." सगळ्यांना त्यांनी पाठ फिरवायला लावली आणि भिजलेले कपडे कापून पिशवीत बांधले.

"मावशी, लाज वाटते हो."

"लाज उद्या राखू. आज कातडं राखायचंय."

तो कुडकुडत होता, दर मिनिटाला "झालं का?" विचारत होता. मावशींची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. पुरती पंधरा मिनिटं झाल्यावरच त्यांनी त्याला चादरीत गुंडाळून दवाखान्यात पाठवलं.

संध्याकाळी निरोप आला. डोळे शाबूत आहेत, मानेवरचा लाल पट्टाही जाईल. फोरमन मटकन खाली बसले आणि रडले. मावशींनी त्यांना पाणी दिलं. माझाही जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, माझी गरज पडेल तेव्हा गंज झाडायला आणि वाट मोकळी करायला कोणालाच सवड नसेल. म्हणून आठवड्यातून एकदा माझी साखळी ओढत जा. मग देव करो आणि मी जन्मभर बिनकामाचाच राहो.