दार कोण लोटतं?

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या दारात सकाळपासून रीघ लागली होती. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, आणि आता तो दार लोटतो म्हणे. फळी चौकटीत रुतून बसली होती, शेजारच्या भिंतीला नवी भेग गेली होती.

"तो आत येऊ पाहतोय!" घरोघरी भुतं दाखवणारे महाराज गरजले. "घर सोडलंस तर उन्हात तडफडेल बिचारा!"

मेलेल्याला ऊन लागतं, ही खबर फक्त महाराजांकडे होती.

गर्दीने हात जोडले. बाईला ती गर्दी हवीशी वाटत होती. दोन वर्षांत इतकी माणसं ब्लाउजची मापं द्यायलाही आली नव्हती.

शाळेत भूगोल शिकवणारी तिची नणंद वाट काढत आत आली. "वहिनी, इथं राहणं धोक्याचं आहे. माझ्याकडे चला."

"तुमचा भाऊ इथं आहे, वन्सं."

"असता तर मला नको होता?" नणंदेचा आवाज चिरला. मग ती महाराजांकडे वळली. "बेकरीच्या भिंतीत सासू, न्हाव्याच्या फरशीखाली आजोबा, इथे दादा. तुमची सगळी भुतं एकाच सरळ रेषेत कशी हो? रांग लावलीय का?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"वहिनी, खोली मोजा. कोपऱ्यातून कोपऱ्यात, दोन्हीकडून."

बाईने टेप लावली. पुन्हा लावली. दोन बोटांचा फरक! चौकोनी खोली तिरपी झाली होती. कापडाच्या समोरासमोरच्या कडा उलट ओढल्या की चौकडी अशीच कलते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"खाली खडक तुटलेला आहे," नणंद म्हणाली. "त्याला भ्रंश म्हणतात. कुठे एक बाजू खचते, कुठे दुसरीवर चढते. इथे दोन्ही एकमेकींना घासत आडव्या सरकताहेत. वर हळूहळू सरकतात, खोलवर मात्र अडकून ताण साठतो. अडकलेलं एकदम सुटलं की भूकंप. कधी, ते कुणालाच सांगता येत नाही."

"श्रद्धा मोजता येत नाही!" महाराज कडाडले.

"खोली येते," बाई म्हणाली.

तिने रिकाम्या पलंगाकडे पाहिलं, मग माणसांकडे. "मेलेलं माणूस दार लोटत नाही. लोटत असतं, तर मी दोन वर्षं ते उघडंच ठेवलं असतं."

तिने टेप बेकरीवाल्याच्या हातात दिली.

"आपापल्या खोल्या मोजा. तिरप्या निघाल्या तर कुणाला विचारत बसू नका, बाहेर पडा."