सायलीच्या लग्नातला समान पूर्वज

अप्पाराव सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात, त्यामुळे नातेवाइकांत त्यांना कुणी काही विचारत नाही. या रविवारी मात्र गारखेड्याहून बहिणीनं तातडीनं बोलावून घेतलं. भाची सायलीचं लग्न मोडायच्या बेतात होतं.

मुलगा शिवराज, सायलीच्याच ऑफिसातला. पसंती दोघांनी आपसांत उरकलेली, हॉल ठरलेला. साखरपुडा तोंडावर असताना मुलाचे चुलत आजोबा रामकिसन पैठणहून आले आणि त्यांनी देवक विचारलं. दोन्ही घरांचं पंचपालवी निघालं. आडनावं वेगळी, गावं वेगळी, पण मांडवात पुजायची ती पाच झाडांची पानं एकच. म्हणजे भाऊकी. म्हणजे नवरानवरी बहीणभाऊ.

"आजोबांचा शब्द त्यांच्यात कुणी मोडत नाही," सायली स्वयंपाकघरात म्हणाली. सकाळपासून ती तोच ओटा पुसत होती. "मामा, तुम्ही सायन्सनं समजावा ना."

सर बैठकीत मुलाकडच्यांसमोर जाऊन बसले, उठले, पुन्हा बसले.

"बाबा, आमच्यात 'समान पूर्वज' असा शब्द आहे. लोकांना वाटतं माकडाचा माणूस झाला. तसं नाही. माकड आणि आपण चुलतभाऊ. मूळपुरुष एक, पण फार मागचा."

"आसंल," रामकिसन म्हणाले.

"मांजराचं तेच, माशाचं तेच, बाभळीचंही तेच. मागं जात राहिलं की सगळे एका ठिकाणी मिळतात. पूर्वज समान आहे ही अडचणच नाही. तो किती मागं आहे, तेवढं बघायचं."

रामकिसननी बशीतला चहा संपवला. "म्हणजी मास्तर, बाभळ बी आपल्या भाऊकीतली?"

"तसं म्हटलं तर, हो."

"मंग बाभळ तोडली की सुतक धरावं लागंल."

मुलाकडचे हसले. सायलीचे वडील कडूबा यांना हसावं की नाही ते ठरवता येईना, म्हणून ते खोकले. शिवराज पंख्याचं बटण उगाच मागंपुढं करत होता. तेवढ्यात नळाला पाणी आलं. आज गल्लीची पाळी होती. निम्मी बैठक बादल्यांकडं पळाली; लग्न मोडलं तर दुसरं जमतं, पाणी गेलं की गेलं.

पिंप भरल्यावर रामकिसननीच वाट काढली. "पोरगी मामाच्या मांडीवर द्या. दत्तक. मंग मामाचं देवक ते तिचं. आमच्यात झालेलं हाय आसं. मास्तर, तुमचं कोणतं?"

सरांना समस्त सजीवांचा पूर्वज माहीत होता. स्वतःच्या घरातला माहीत नव्हता. त्यांनी बहिणीकडं बघितलं.

"मला सासरचं तेवढं ठाऊक," सत्यभामा म्हणाली. "आवडा आत्याला लाव की, दादा."

आत्या सिल्लोडला. फोन लागेना. सर गॅलरीत गेले, जिन्यात गेले, परत गॅलरीत आले. दरवर्षी फळ्यावर सगळ्या जीवांना एका बुंध्याला आणून बांधणारा हा माणूस आता मनात म्हणत होता, देवा, आमचा मूळपुरुष तेवढा वेगळा निघू दे. देव त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता.

फोन लागला. आत्या ओरडूनच बोलते, म्हणून सरांनी तो कानात रुतवला.

"आपलं व्हय? पंचपालवी की रं! दुसरं काय आसणार? सत्यभामाच्या लग्नात कुणी इचारलंच न्हाई, म्हणून जमलं."

सायली दारात उभी होती. हातात तेच फडकं.

"काय म्हणती आत्या?" आतून रामकिसननी विचारलं.

"साळुंखीचं पीस," सर म्हणाले.

फोनमधून "आं?" आलं. सरांनी फोन बंद केला.

सत्यभामा म्हणाली, "व्हय की! माझ्या लग्नात पीस घावंना, दादा लई हिंडला होता."

"आत्ता तर आठवत नव्हतं, बाई?" रामकिसननी विचारलं.

"पीस म्हणल्यावर आठवलं."

रामकिसन सरांकडं बघत राहिले. मग सायलीकडं. मग म्हणाले, "साळुंखी. बरं हाय. कोणतरी पेढे आणा."

निघताना शिवराज जिन्यापर्यंत आला. "मामा, खरंच साळुंखी का?"

सर चप्पल शोधत होते. "मागं गेलं की साळुंखी आपल्याच घरातली."

"किती मागं?"

"आत्याला विचारता येणार नाही इतकं."

खिशात फोन वाजायला लागला. सिल्लोडचाच होता. सर चप्पल हातात घेऊनच खाली उतरले.