अकरा पिंपं चोथा

सोमवारी सकाळी आत्याच्या मेंढवाड्यात अठ्ठावन्न मेंढ्या होत्या. एकेचाळीस दुभत्या, चौदा गाभण, तीन भाकड. मागच्या शेडमध्ये सुक्या गवताचे सदतीस मोठे गठ्ठे होते आणि भिंतीलगत, झाकणं घट्ट बसवलेली, अकरा निळी पिंपं. प्रत्येक पिंपात अंदाजे एकशे वीस किलो ऑलिव्हचा चोथा, म्हणजे तेल निघाल्यावर घाण्यात जो उरतो तो.

त्या हिवाळ्यात ग्रीसच्या लेस्व्हॉस बेटावर पाऊस नावापुरताच झाला. फेब्रुवारी लागला तरी टेकडीवरचं गवत बोटभरच होतं. होतं ते सुकं गवत पुरवून पुरवून मार्चच्या मध्यापर्यंत छत्तीस मेंढ्या जगल्या असत्या. उरलेल्या बावीस न्यायला व्यापारी प्रोकोपिस शनिवारी ट्रक घेऊन येणार होता. कोणत्या बावीस, ते अर्गिरो आत्यानं ठरवलं नव्हतं. विषय काढला की ती दुधाच्या किटल्या घासायला घ्यायची, घासलेल्यासुद्धा.

मेंढ्यांनी चोथा खाल्ला तर मात्र एकही द्यावी लागणार नव्हती.

चोथ्याची कल्पना माझी होती. कॉलेजात मी मूरघास, म्हणजे हिरवा चारा हवाबंद आंबवून टिकवणं, शिकले होते. त्याच रीतीनं चोथा मुरवता येतो, एवढं ठाऊक होतं. प्रत्यक्षात ते केलं आत्यानं. डिसेंबरात घाणा चालू असताना ती रोज ताजा चोथा आणायची, कारण शिळा झाला की तो खवट होतो. बियांचे कठीण तुकडे चाळून काढायची, गव्हाचा कोंडा मिसळायची आणि पिंपात उतरून, आतोबांचे गमबूट घालून, हवा राहू नये म्हणून तुडवत बसायची. प्रोकोपिसनं एकदा ते पाहिलं. तो तिच्या वर्गातला. ह्याच चोथ्यातल्या तेलाचा साबण करतात, तेव्हा यंदा मेंढ्या फेस काढणार का, असं त्यानं विचारलं. तुझी बायको तुला जे वाढते त्यापेक्षा हे बरं आहे, असं आत्या पिंपातूनच म्हणाली.

सोमवारी पहिलं पिंप उघडलं. लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास आला. बुरशी कुठेच नव्हती. आम्लता मोजायची कागदी पट्टी बुडवली. आकडा चारच्या थोडा वर. म्हणजे चोथा नीट मुरला होता. आम्ही चाळीस किलो तोलून गव्हाणीत टाकला. मेंढ्या आल्या, हुंगून शिंकल्या आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या. संध्याकाळी उरलेला चोथा टोपलीत भरून ताणकाट्याला लावला: साडेअडतीस किलो.

मंगळवारी वरून मीठ आणि जास्तीचा कोंडा टाकला. छत्तीस उरला.

नव्या खाद्याची सवय व्हायला जनावरांना आठवडा-दोन आठवडे लागतात, हे मला माहीत होतं. तेवढा वेळ नव्हता. गवत निम्मं करू, भुकेनं खातील, असं मी सुचवलं.

"पोटात कोकरं आहेत त्यांच्या," आत्या म्हणाली. "उपाशी ठेवायचं असेल तर आधी मला ठेव."

मग तिनं शनिवारची अटही तिथेच सांगून टाकली. चाळीसातला पाच किलोच्या आत उरला, तर ट्रक रिकामा जाईल. जास्त उरला, तर बावीस मोजून देईन आणि त्यावर परत बोलायचं नाही.

बुधवारी ती दूध काढून झाल्यावर गव्हाणीसमोर बादली पालथी घालून बसली. मी आत्यासारखं निरखणारं माणूस प्रयोगशाळेतही पाहिलेलं नाही. ती काही बदलत नव्हती, मेंढ्यांना चुचकारत नव्हती, नुसती पाहत होती. दुपारी तिनं मला हाक मारली.

"रालू, छत्तीस उरला म्हणजे चार किलो कुणीतरी खाल्ला ना? कुणी?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी निळा खडू आणला आणि जी तोंड घालेल तिच्या पाठीवर रेघ ओढत गेले. संध्याकाळपर्यंत सहा निळ्या मेंढ्या झाल्या. ह्यांचं काही सारखं आहे का, मी विचारलं. वय वेगळं, आया वेगळ्या. आत्या एकेकीचं तोंड हातात धरून आठवत राहिली आणि मग हसली. त्या सहाही लहानपणी वरच्या ऑलिव्हच्या बागेत चरलेल्या होत्या. झाडाखाली पडलेली फळं आणि छाटलेल्या फांद्यांचा पाला खाऊन वाढलेल्या. कडू चव त्यांना नवी नव्हती.

पुढचं आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. मेंढी मेंढीचं पाहून खाते. लाकडी जाळ्या लावून वाड्याचे सहा भाग केले, प्रत्येकात एक गव्हाण ठेवली आणि प्रत्येक भागासाठी एक निळी मेंढी ठरवली, सोबत आठ-नऊ इतर. मला दूध काढल्याबरोबर चोथा टाकायचा होता. आत्या म्हणाली, आधी निळीलाच खाऊ दे, बाकीच्यांना जाळीपलीकडून बघू दे, मग सोड. तसं केलं. निळी मान खाली घालून खात राहिली. शेजारणींनी आधी तिचं तोंड हुंगलं, मग गव्हाण.

गुरुवारी चोवीस किलो उरला. शुक्रवारी अकरा.

शनिवारी संध्याकाळी प्रोकोपिस ठरल्या वेळेच्या आधीच आला. ट्रकची मागची फळी खाली करायला लागला, तेव्हा आत्यानं त्याला थांबवलं.

"आधी वजन होऊ दे."

"कसलं? मेंढ्यांचं मी डोळ्यांनी करतो."

"उरलेल्या साबणाचं," ती म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखा नव्हता.

इंजिन बंद करून तो आत आला. आत्यानं सहाही गव्हाणी कोपऱ्यापर्यंत झाडल्या, सांडलेलंही हातानं गोळा केलं, एक चिमूट बाजूला पडू दिली नाही. प्रोकोपिसनं ताणकाटा स्वतः धरला. मी टोपली अडकवली. काटा हलायचा थांबेपर्यंत तो थांबला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि आकडा वाचला. मी त्यातून टोपलीचं वजन वजा केलं.

एक किलो आठशे ग्रॅम.