रासबेरीच्या काड्या

लाल रासबेरीच्या काडीला दुसऱ्या वर्षी फळ येतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. लोक हसतील म्हणून घरात बोललो नव्हतो. पाच उन्हाळ्यांत मी लावलेल्या बाकी सगळ्या जाती मेल्या, गेल्या वर्षी लावलेली ही एकच तगली. थंडीत पानं गाळून उभी होती. काल चिखलीहून परतलो, तर वाफा रिकामा.

"माही झाडं कुठी हायेत?" मी पुतण्याला विचारलं.

"वाळेल होती काका. कपाशीच्या पऱ्हाटीसंगं उपटली," समाधान म्हणाला.

"जळतात मात्र झकास, भाऊजी," वहिनी चुलीपुढून हसल्या.

मी चुलीजवळच्या जळणाच्या भाऱ्यातली एक काडी ओढली. काट्यांनी बोटं फाटली. नखानं साल खरवडून ती समाधानच्या नाकापुढे धरली. "हिरवी हाये! जित्ती जाळून राह्यले तुमी! इचारता नाही आलं?"

"तुमी सांगतलं होतं काय कधी?"

ते खरं होतं, म्हणून राग आणखी भडकला.

"वाफ्याले कुंपण घाल. मुळं राह्यली असतीन तं फुटतीन."

"आन नाही फुटली तं?"

मला माहीत नव्हतं.

"तरी घाल!" जन्मात पहिल्यांदा मी घरात ओरडलो.